मोजून मोजून क्यूबिट तापवताय? या चुका टाळा

संगणकावर एक क्यूबिट घ्या, म्हणजे वर आणि खाली अशा दोनच मूळ अवस्था असलेली क्वांटम प्रणाली. आडव्या चुंबकीय क्षेत्रात त्याचा स्पिन (छोट्या चुंबकासारखी त्याची दिशा) फिरू द्या, ठरावीक वेळाने तो वर आहे की खाली एवढंच मोजा आणि उत्तर टाकून द्या. असं करत राहिलं की सरासरी अवस्था वर-खाली ५०-५० वर येते, म्हणजे अनंत तापमानाचा समतोल. प्रोग्राम जेमतेम वीस ओळींचा, म्हणून सगळे घाईत उरकतात आणि अडकतात.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे आधी एन्ट्रॉपी (अवस्थेतली अनिश्चितता), मग सरासरी. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने हजार ट्रॅजेक्टरी (मापनांच्या एकेक पूर्ण मालिका) चालवल्या, प्रत्येकीची एन्ट्रॉपी काढली आणि सरासरी घेतली. उत्तर शून्य. दोन आठवडे ती स्पिन फिरवणारं फंक्शन उसवत बसली. त्यात काहीच चुकलेलं नव्हतं. मोजल्यावर क्यूबिट वर असतो नाहीतर खाली, अवस्था शुद्धच, म्हणजे पूर्ण ठाऊक, राहते. एका ट्रॅजेक्टरीत उष्णता सापडायची नाही, ती उत्तरं विसरण्यातून येते. आधी डेन्सिटी मॅट्रिक्सची (अवस्थेतल्या शक्यता मांडणाऱ्या तक्त्याची) सरासरी, एन्ट्रॉपी त्यानंतर. मी ही ओळ प्रत्येक प्रोग्रामच्या माथ्यावर लिहून ठेवतो.

दुसरी चूक अधीर मंडळींची: 'लवकर समतोल हवा, तर भराभर मोजा.' अगदी उलटं घडतं. दर मापनाला सरासरी स्पिनला दोन मापनांमध्ये तो जितका फिरतो त्या कोनाच्या कोज्येने (cosine) गुणलं जातं. ६० अंशांनी मोजलंत तर तो दरवेळी निम्मा होतो. तेच ६० अंश एकेक अंशाने मोजत गेलात तर साठ मापनांनंतरही सुमारे ०.९९ शिल्लक! हा झेनो परिणाम: सतत मोजत राहिलं की बदलच थिजतो. मिश्रा आणि सुदर्शन यांनी १९७७ मध्ये त्याला हे नाव दिलं, आणि १९९० मध्ये अमेरिकेतल्या बोल्डरला इटानो व सहकाऱ्यांनी बेरिलियम आयनांवर तो दाखवला. १८० अंशांवर तर स्पिन नुसता उलटसुलट होत राहतो, समतोल कधीच येत नाही. मी वेळांतर नेहमी थोडं अनियमित ठेवतो, म्हणजे असले योगायोग टळतात.

सरासरी ऊर्जेवर विसंबू नका; इथे ती पहिल्याच मापनाला शून्य होते, स्पिन मात्र आपली सुरुवात अजून विसरलेला नसतो.

वर-खालीऐवजी ऊर्जाच मोजत बसलात तर काहीही तापणार नाही.

अनेक क्यूबिट असतील आणि एखादी राशी अक्षय्य (कधीच न बदलणारी) असेल, तर मिसळण तिच्या एकाच मूल्याच्या कप्प्यातच होते. आधी कप्पे मोजा.

आणि मर्यादित तापमान हवं असेल तर नुसतं मोजून ते मिळत नाही. त्या तापमानाचे ताजे क्यूबिट एकामागून एक आणून आपल्या क्यूबिटला भिडवावे लागतात.