जनुकशास्त्रीय लेखनात लोकसमूहाचे वर्णन कसे करावे

जनुकशास्त्रावर मराठीत लिहिताना पहिली अडचण 'वंश' या शब्दापाशीच येते, कारण या एकाच शब्दाने आपण घराण्याची वंशावळही सांगतो आणि 'कृष्णवर्णीय', 'गौरवर्णीय', 'आशियाई' असे माणसांचे ढोबळ गटही सांगतो. म्हणून आरंभीच ठरवून घ्यावे की पूर्वजांविषयी बोलायचे असेल तेथे 'पूर्वजपरंपरा' लिहायचे आणि 'वंश' हा शब्द सामाजिक ओळखीसाठी राखून ठेवायचा. ही ओळख किती सरकारी असते, हे अमेरिकेतील भारतीयांवरून दिसते: तेथील जनगणनेत १९२० ते १९४० या काळात त्यांची नोंद 'हिंदू' अशी होत असे, १९७० मध्ये त्यांना गौरवर्णीयांत धरले गेले आणि १९८० मध्ये 'एशियन इंडियन' हा रकाना आला. तेवढ्या काळात त्यांच्या जनुकांत काही बदल झाला नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०२३ च्या अहवालात वंश हा मानवी जनुकीय विविधतेचा पर्याय म्हणून वापरू नये असे स्पष्ट सांगितले, ते यासाठीच.

त्यानंतर नमुने नेमके कोणाचे आहेत हे पाहावे. जगभरातील लोकांच्या जनुकसंचांची नोंद करणाऱ्या 'थाउजंड जीनोम्स' प्रकल्पात २६ लोकसमूहांतील २,५०४ व्यक्तींची माहिती आहे आणि तिचा 'दक्षिण आशियाई' हा भाग पाच समूहांचा बनलेला आहे: ह्यूस्टनमधील गुजराती, लाहोरमधील पंजाबी, बांगलादेशातील बंगाली, आणि ब्रिटनमधील तेलुगू व श्रीलंकन तमिळ. यात मराठी भाषकांचा वेगळा समूह नाही, आणि भारतीय समूह म्हणून जे आहेत त्यांचे नमुने परदेशी स्थायिक झालेल्यांकडून घेतलेले आहेत. तेव्हा ह्यूस्टनच्या नमुन्यांवर काम केले असेल तर 'ह्यूस्टनमधील गुजराती' असेच लिहावे. तेथून 'भारतीयांमध्ये असे आढळते' या वाक्यावर उडी मारणे मला अक्षम्य वाटते, मग ती कितीही नामांकित नियतकालिकात मारलेली असो.

ढोबळ शब्दाने रुग्णाचे काय होऊ शकते, हे कार्बामाझेपिन या फिटांवरील औषधात दिसते. २००४ साली तैवानमधील हान चिनी रुग्णांच्या अभ्यासात, या औषधाने स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम हा त्वचेचा जीवघेणा विकार झालेल्या ४४ पैकी ४४ जणांमध्ये एचएलए-बी*१५:०२ हा जनुकप्रकार सापडला. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने आशियाई पूर्वज असलेल्यांची आधी तपासणी करण्याची सूचना दिली. परंतु हा प्रकार जपानी आणि कोरियन लोकांत विरळा आहे; जपानमध्ये या औषधाच्या त्वचेवरील दुष्परिणामांशी एचएलए-ए*३१:०१ या वेगळ्याच प्रकाराचा संबंध दिसून आला. 'आशियाई' या शब्दावर विसंबून जपानी रुग्णाची केवळ एचएलए-बी*१५:०२ साठी तपासणी केली आणि ती नकारात्मक आली, तर डॉक्टरांचा जीव विनाकारण भांड्यात पडेल. म्हणून वाक्यात जनुकप्रकाराचे नाव, लोकसमूह आणि ठिकाण ही तिन्ही यावीत आणि जेथे जनुक थेट तपासता येते तेथे वंशाचा आधार घेऊ नये.

वंश हा शब्द सर्वत्र गाळावा, असे मात्र मी म्हणत नाही. भेदभावाचा किंवा उपचार मिळण्या-न मिळण्याचा आरोग्यावरील परिणाम मोजायचा असेल, तर वंशाची नोंद आवश्यकच आहे. फक्त ती व्यक्तीने स्वतः सांगितली की दुसऱ्याने केली, हे लिहावे.

आपल्याकडे हीच चूक जात-जमातींच्या नावांनी होते. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराला 'आदिवासींचा आजार' म्हणण्याची सवय इतकी रुळली आहे की विदर्भातील अनुसूचित जातींमध्ये आणि इतर मागासवर्गीयांमध्येही तो आढळतो हे विसरले जाते. आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस आणि सिसिलीतही तो आहे. हा जनुकबदल हिवतापाच्या प्रदेशांत टिकला, कारण तो आईवडिलांपैकी एकाकडूनच आला असेल तर गंभीर हिवतापापासून संरक्षण मिळते. अंतर्विवाहामुळे, म्हणजे समूहातल्या समूहात लग्ने होत राहिल्यामुळे, एखाद्या समूहात काही जनुकबदल वाढलेले असतात हे खरे, आणि त्या कारणाने समूहाचे नाव द्यावे लागलेच तर कारणही त्याच वाक्यात द्यावे व कलंक लागेल असा शब्द टाळावा.

मसुदा झाला की तक्ते आणि आलेखांची शीर्षके वेगळी वाचावीत. मजकुरात काळजीने लिहिलेले 'ह्यूस्टनमधील गुजराती' आलेखाखाली जागा पुरत नाही म्हणून 'भारतीय' होते, आणि पुढे उद्धृत होतो तो बहुतेक वेळा आलेखच.