लोगोचा शेवटचा हप्ता देण्याआधी
फ्रीलान्स डिझायनरकडून दुकानाचा लोगो करून घेताय? व्हॉट्सॲपवर आलेला जेपीजी फ्लेक्सवर मोठा केला की चित्र फाटतं, म्हणजे धूसर दिसतं, म्हणून पैसे चुकते करण्याआधी सीडीआर किंवा एसव्हीजी फाइल (कितीही मोठी केली तरी स्पष्ट राहणारी) मागून घ्या. नाव मराठीत असेल तर दोन प्रती हव्यात: एक बदल करता येईल अशी, दुसरी अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत, बदललेली (कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-क्यू). नाहीतर डिझायनरने वापरलेला फॉन्ट (उदा. श्रीलिपी या मराठी सॉफ्टवेअरचा) प्रेसवाल्याकडे नसला की पाटीवर भलतंच उमटतं. आणि लोगोचे हक्क तुम्हाला दिल्याचं डिझायनरकडून सहीनिशी लिहून घ्या. चांगल्या डिझायनरला त्याचा राग येत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्कांचं हस्तांतर लेखीच लागतं, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ते ५ वर्षांपुरतंच धरलं जातं.