नवीन पोरांना स्पारिंगला (बॉक्सिंगच्या सरावाच्या लढतीला) कसं उतरवायचं

आपला सातारा म्हणजे 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ आणणाऱ्या खाशाबा जाधवांचा जिल्हा, त्यामुळं इकडं बॉक्सिंगला येणारी बरीच पोरं आधी तालमीत घाम गाळून आलेली असतात. दम असतो, मान पक्की असते, पण कुस्तीची सवय म्हणून वाकून डोकं पुढं घालतात आणि समोरचा जवळ आला की धरायला बघतात. बॉक्सिंगमध्ये कमरेच्या पट्ट्याच्या खाली डोकं नेणं पण फाऊल आणि धरून ठेवणं पण फाऊल. म्हणून आधी नीट उभं राहायला शिकवा. डावा पाय पुढं, उजवी टाच जराशी वर, हनुवटी खाली, हात गालाजवळ (डावखुरा असला तर उलटं).

दोरी, शॅडो (समोर कोणी नसताना हवेत ठोसे मारणं), बॅग हे चालूच ठेवा, 3 मिनिटांचा राउंड आणि 1 मिनिट रेस्ट, म्हणजे मॅचची लय अंगात बसते.

मग जोडीनं ड्रिल. एकानं फक्त जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारायचा, दुसऱ्यानं फक्त उजव्या तळव्यानं तो बाजूला सारायचा, चेहऱ्याजवळ आल्यावरच, चार बोटं सरकवला तरी पुरे. नवीन पोरगं हमखास हात लांब करून ठोसा पकडायला जातं आणि तिथंच तोंड उघडं पडतं. दुसरी खोड म्हणजे ठोसा आला की डोळे मिटणं. त्यासाठी पार्टनरनं कपाळावर हेडगार्डला हलका टच करत राहायचं आणि पोरानं डोळे उघडे ठेवून बघत राहायचं, घाई करू नका, हे जमल्याशिवाय पुढं जायचंच नाही.

त्यानंतर जॅबला जॅब, मग फक्त बॉडीवर ठोसे, आणि सगळ्यात शेवटी ओपन, म्हणजे सगळे ठोसे मोकळे, ते पण निम्म्याच ताकदीनं.

दोन नवख्यांना एकमेकांसमोर सोडू नका हो, कळकळीनं सांगतोय. एकाला जरा जोरात लागलं की दुसरा चिडतो, बाजूची पोरं ओरडायला लागतात आणि मग शिकणं राहतं बाजूला, नुसती हाणामारी. समोर जुना, शांत डोक्याचा बॉक्सर द्या, जो स्वतःचा हात आवरू शकतो.

सामान: 16 औंसचे ग्लोव्ह्ज, हाताला बँडेज, माउथगार्ड, हेडगार्ड, ॲबडॉमिनल गार्ड (जांघेचं रक्षण करणारा). माउथगार्ड गरम पाण्यात मऊ करून दातावर बसवलेलाच हवा, सैल असला तर उपयोग नाही. मोठ्या पुरुषांच्या अमॅच्युअर मॅचमधनं 2013 ला हेडगार्ड काढला, पण म्हणून सरावात काढायचा नाही. आणि हेडगार्डनं कापणं-फुटणं वाचतं, आत मेंदूला बसणारा हादरा थांबत नाही, हे पोरांना स्पष्ट सांगा.

ठोसा लागल्यावर डोकं दुखतंय, गरगरतंय, मळमळतंय म्हणालं तर त्या दिवशी सगळं बंद, आणि डॉक्टरनं हो म्हटल्याशिवाय परत स्पारिंग नाही. घरी फोन करून सांगा, रात्री उलट्या झाल्या किंवा पोरगं बरळायला लागलं तर सकाळची वाट न बघता थेट दवाखान्यात न्यायचं.