कोल्हापूर ते दुबई: अंतर आणि वेळेचा हिशेब

दुबईत नव्याने आलेल्या कोल्हापूरकराला पहिल्या आठवड्यातच घरून विचारले जाते, "तिथून यायला किती वेळ लागतो रे?" बहुतेक जण "तीन तास" असे सांगून मोकळे होतात आणि घरची मंडळी तेच धरून चालतात. मुंबई ते दुबई हे हवाई अंतर साधारण 1,930 किलोमीटर आहे आणि विमानाला सुमारे तीन तास लागतात, हे खरे. पण आपले घर मुंबईत नसून तिथून रस्त्याने आणखी पावणेचारशे किलोमीटरवर आहे.

तिकिटावरच्या वेळाही आधी नीट समजून घ्याव्यात. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असल्यामुळे मुंबईहून पहाटे 4 वाजता सुटणारे विमान 5.45 ला पोहोचते असे छापलेले असेल, तर तो प्रवास पावणेदोन नव्हे, सव्वातीन तासांचा असतो. उलट परतताना रात्री 10 ला निघून 2.30 ला उतरणारे विमान प्रत्यक्षात तीनच तास उडते. उंचावरचे वारे, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराने वाहत असल्याने भारतात येताना वेळ थोडा कमी लागतो.

खरा वेळ जातो तो जमिनीवर. कोल्हापूरहून मोटारीने मुंबई विमानतळ गाठायला आठ-नऊ तास, तिथे तीन तास आधी हजेरी, मग उड्डाण, आणि दुबईत पासपोर्टची रांग, सामान व टॅक्सी यांत दीड तास धरला, तर राजारामपुरीतल्या दारापासून दुबईच्या देरा भागातल्या खोलीपर्यंत सोळा-सतरा तास होतात. महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघाल्यास रात्र गाडीत जाते, पण ती वेळेवर येईल या भरवशावर त्याच सकाळचे विमान घेऊ नये. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून मुंबई विमानाने तासाभरावर आहे. मात्र दोन्ही तिकिटे वेगवेगळी काढली असतील, तर पहिल्या विमानाच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही आणि सामानही मुंबईत उतरवून पुन्हा द्यावे लागते. पुणे 230 किलोमीटरवर आहे. तिथून सोयीचे विमान मिळत असेल, तर थोडे जास्त पैसे देऊनही तेच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सामानाचा विषय निघाला म्हणून सांगतो: अमिरातीत खसखस आणायला बंदी आहे. आईने दिलेल्या कांदा-लसूण मसाल्यात ती घातली आहे का, हे पिशवी शिवण्याआधी विचारावे.

पावसाळ्यात मात्र वरचा सगळा हिशेब कोलमडू शकतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये वडिलांना दवाखान्यात ठेवल्याचे कळताच मी रात्रीच्या विमानाने निघालो. तीन तासांत मुंबईत उतरलो आणि दुपारपर्यंत कराडला पोहोचलो. पण पंचगंगेच्या महापुराने पुढे महामार्ग बंद होता. उरलेल्या सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरसाठी मी बहिणीच्या घरी तीन दिवस बसून राहिलो, वडिलांशी फक्त फोनवर बोलत. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये तातडीने निघावे लागले, तर तिकीट काढण्याआधी घरी फोन करून कोल्हापूरच्या अलीकडे शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आहे का आणि गावात शिरायला कोणती बाजू खुली आहे, हे विचारावे. कोणत्या विमानतळावर उतरायचे ते त्यानंतरच ठरवावे.