काळ्या मातीतला कॅम्पस: आधी पाणी, मग सावली, शेवटी फुलं

नकाशा काढण्याआधी एक पावसाळा जागेवर पाणी कुठं साचतं आणि पोरं कुठून शॉर्टकट मारतात ते पाहा. पायवाट तिथंच करा, नाहीतर हिरवळीतून नवी पडणारच.

विदर्भातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पेव्हर ब्लॉक थेट तिच्यावर बसवले की वर्षभरात खालीवर होतात. किमान दीड फूट माती काढा, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत टाका, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर फिरवा. उतार मीटरमागे दोन सेंटिमीटर, तोही इमारतीपासून बाहेरच्या बाजूला.

झाडांचे खड्डे मे महिन्यात खणा, दोन-दोन फूट लांब, रुंद, खोल. ऊन खाऊ द्या. दोन चांगले पाऊस झाले की लागवड. इथं नेहमी होणारी चूक म्हणजे खड्ड्यात नुसती रेती-खत भरणं. भोवतीची काळी माती पाणी जिरू देत नाही, खड्ड्याची टाकी होते आणि मुळं सडतात. निघालेलीच माती तीन भाग, कुजलेलं शेणखत एक भाग. बुंधा जमिनीपेक्षा चार बोटं उंच. उधईसाठी निंबोळी पेंड.

बाकांच्या पश्चिमेला कडुनिंब, करंज. पळस, बहावा शोभेचे, पण भर उन्हाळ्यात त्यांची सावली विरळ. गुलमोहराच्या फांद्या वादळात मोडतात. पार्किंगपासून दूरच ठेवा. लॉन फक्त प्रवेशद्वाराशी, तेही हट्टच असेल तर.

आणि कुंपण आधी. मोकाट जनावरं उद्घाटनाची वाट पाहत नाहीत.