घरच्या पवनचक्कीचा जमाखर्च

वैशाखातल्या दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला की माडांचे शेंडे झोडपल्यासारखे हलतात, आणि त्याच वेळी खाली अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेला पंचा जागचा हलत नाही. कोकणात घरासाठी पवनचक्की घेऊ पाहणाऱ्याने किमती विचारण्यापूर्वी हे दृश्य नीट पाहावे, कारण चक्कीला उपयोगी पडतो तो पात्यांच्या उंचीवरचा वारा, आणि त्या उंचीपर्यंत पोहोचायलाच बराच पैसा लागतो. ठोकताळा असा आहे की दीडशे मीटरच्या परिसरात जे सर्वांत उंच झाड किंवा घर असेल, त्याच्याहून पात्यांचे खालचे टोक निदान 9 मीटर वर असावे. माड 20 मीटरचा धरला तर मनोरा 30 मीटरचा झाला. वाडीत किंवा आगरात घर असलेल्यांनी म्हणूनच हा बेत सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, जिथे झाडी खुरटी असते आणि समुद्राच्या बाजूला आडोसा नसतो, तिथे 12 ते 15 मीटरचा मनोराही चालू शकतो.

पहिला खर्च वारा मोजण्याचा करावा. नोंद ठेवणारे वारामापक यंत्र उंच खांबावर बसवून पूर्ण वर्षाचे आकडे घ्यावेत, कारण जून ते ऑगस्टमधला नैऋत्येचा वारा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला पडलेला वारा यांत फार अंतर असते आणि पावसाळ्यातले आकडे पाहून वर्षाचा हिशेब मांडणारे हमखास फसतात. वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे सेकंदाला 4 मीटरऐवजी 5 मीटर वेग मिळाला तर ती जवळजवळ दुप्पट होते. विक्रेता ज्या चक्कीला ‘एक किलोवॅटची’ म्हणतो, ती एक किलोवॅट देते सेकंदाला 11-12 मीटरच्या वाऱ्यात. तसा वारा आपल्याकडे मुख्यतः पावसातल्या झोडीत मिळतो. म्हणून किलोवॅटपेक्षा पात्यांचा व्यास आधी विचारावा.

अडीच मीटर व्यासाची चक्की घेऊ. वाऱ्यातली शक्ती 59.3 टक्क्यांहून अधिक काढून घेणे कोणत्याही चक्कीला शक्य नाही. जनित्र, तारा आणि इन्व्हर्टरमधली घट धरून लहान यंत्राच्या हाती पाव हिस्सा लागला तरी बरे. वर्षाची सरासरी सेकंदाला 4 मीटर असेल तर सुमारे 750 युनिट मिळतील. सरासरी 3 मीटरच असेल तर जेमतेम 320. मनोरा, पाया, इन्व्हर्टर आणि बसवणी धरून खर्च दीड लाख आला, विजेचा दर युनिटला दहा रुपये धरला आणि देखभालीला वर्षाला अडीच हजार काढून ठेवले, तर चांगल्या वाऱ्यातही निव्वळ बचत पाच हजारांची होते. म्हणजे पैसे फिटायला तीस वर्षे, आणि यंत्राचे आयुष्य साधारण वीस. यात बॅटरी धरलेलीच नाही. लेड-ॲसिड बॅटरी चार-पाच वर्षांनी बदलावी लागते. आपले आकडे घालून हाच हिशेब पुन्हा मांडावा, मात्र महावितरणच्या बिलात वापराच्या टप्प्यांप्रमाणे दर चढत जातो आणि बचत वरच्या टप्प्यातून होते, हे विसरू नये. महिन्याला शंभर युनिटच्या आत वापर असलेल्या घराची बचत त्यामुळे आणखी कमी भरते.

ज्या घरी वीज आहे, त्याने सरळ छतावर सौर पॅनेल घ्यावेत. 2024 साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळते, आणि ते सौर संचालाच आहे. पवनचक्कीचे गणित जमते ते विजेचे खांब न पोहोचलेल्या सड्यावरच्या बागेत. लहान पेट्रोल जनरेटर एका युनिटला अर्ध्या लिटरच्या आसपास पेट्रोल पितो, म्हणजे तिथे वाचलेले युनिट पन्नास रुपयांचे. सगळे युनिट खरोखर वापरले गेले तर तीच चक्की बॅटरीसकट पाच-सहा वर्षांत फिटते. सोबत थोडे सौर पॅनेल असावेत, कारण आषाढात आभाळ भरलेले असताना वारा साथ देतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात वारा पडतो, तेव्हा पॅनेल चालतात.

खाऱ्या हवेवर काटकसर करू नये. साधे नट-बोल्ट दोन पावसाळ्यांत असे गंजतात की पाना फिरतो आणि बोल्टचे डोकेच हातात येते. म्हणून 316 प्रतीचे स्टेनलेस स्टील आणि जस्ताचा जाड थर दिलेला मनोरा घ्यावा. जांभ्याची कोरडी जमीन कोसळलेली वीज नीट जिरवून घेत नाही, त्यामुळे अर्थिंगचा खड्डा विहिरीजवळच्या ओलसर जागी नेऊन वीजरोधकाची तार तिथवर आणावी. किनाऱ्याजवळची जागा असेल तर पाया खणण्याआधी सीआरझेडची (किनारपट्टी नियमन क्षेत्राची) आणि ग्रामपंचायतीची परवानगी पाहावी.

मनोरा बिजागरीवर आडवा पाडता येणारा, ताणांच्या तारांचा असावा, मग त्याला थोडे अधिक पैसे पडले तरी चालतील. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते कोकणासमोरून गेले. अशा वाऱ्यात ब्रेक लावलेली चक्कीही भरवशाची नसते. इशारा आल्यावर मनोरा उतरवायला हातविंच, म्हणजे हाताने फिरवून दोर गुंडाळायचे यंत्र, आणि तीन माणसे लागतात, म्हणून मे उजाडताच एकदा तो पाडून, बोल्ट तपासून, पुन्हा उभा करावा, आणि दोर कोणी धरायचा व विंच कोणी फिरवायची हे त्याच दिवशी ठरवून ठेवावे.