पडद्यांचं माप नंतर, आधी कॉक शोधा

नव्या घराचा ताबा मिळाला की आपण आधी पडद्यांचं माप घेतो. आम्हीही तेच केलं. ठाण्यातल्या चार मजली इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा रीसेलचा फ्लॅट, रंग ताजा, टाइल्स चकचकीत. दुसऱ्याच रविवारी कमोडशेजारचा अँगल कॉक, म्हणजे पाणी बंद-चालू करायची भिंतीतली छोटी तोटी, जराशी फिरवली तर तिची मूठच हातात आली आणि मागून पाण्याची धार. पाणी बंद कुठून करायचं, घरात कोणालाच ठाऊक नाही. तसाच ओलेता गच्चीवर पळालो. टाकीखाली सात-आठ व्हॉल्व्ह, त्यांच्यावर ऑइलपेंटने घातलेले आणि अर्धे पुसलेले आकडे. अंदाजाने एक आवळला. तो निघाला पलीकडच्या लाइनचा. तोंडाला साबण लावून उभ्या असलेल्या एका काकांनी बाथरूमच्या खिडकीतून माझा उद्धार केला.

म्हणून सांगतो, सामान लावायच्या आधी एक सकाळ कॉकांसाठी राखून ठेवा. आपल्या घराचे मुख्य कॉक बहुधा बाथरूमच्या माळ्यावर, दाराच्या वर नाहीतर डक्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळीत असतात, आणि किचनचा वेगळा, प्रत्येक बाथरूमचा वेगळा असा प्रकार असतो. एकेक बंद करून कुठला नळ थांबतो ते पाहा आणि मार्करने तिथेच लिहा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक अडतो. त्याच्यावर पान्याने जोर काढू नका, पाइपच तुटायचा. प्लंबर बोलावून बदलून घ्या, हा खर्च टाळू नये. गच्चीवरचा आपल्या लाइनचा व्हॉल्व्हही वॉचमनकडून समजून घ्या, पण तो बंद केला की आपल्या वरच्या-खालच्या सगळ्यांचं पाणी जातं, तेव्हा आधी बेल वाजवून सांगायचं. गीझरमध्ये पाणी सोडणारा कॉक बंद करताना त्याचा स्विचही बंद हवा; टाकीत पाणी नसताना कॉइल तापली तर ती जळते.

घरात ठेवायचं सामान फार नाही. एक ॲडजस्टेबल पाना, टेफ्लॉन टेपची दोन रिळं, अर्धा इंची वॉशर, तुंबलेलं मोकळं करायचा रबरी पंप, जुनं फडकं आणि पाइपचं तोंड बंद करायचे दोन अर्धा इंची प्लग. हा प्लग म्हणजे अगदी किरकोळ वस्तू, पण नळ भिंतीतून उखडला तर त्यावर टेफ्लॉन गुंडाळून भोकात आवळला की प्लंबर येईपर्यंत घर चालू राहतं. टेप आटे आवळायच्या दिशेनेच गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर आवळताना गोळा होऊन बाहेर येते.

आता तुंबण्याचं. पंप हातात घेण्याआधी एवढं बघा, एकच जागा तुंबली आहे की दोन? फक्त बेसिन तुंबलं तर कचरा त्याच्याच बॉटल ट्रॅपमध्ये, म्हणजे बेसिनखालच्या बाटलीसारख्या भागात असतो. खाली बादली ठेवून त्याची तळाची वाटी हाताने फिरवा, निघते. केस, साबणाचा गाळ, क्वचित कानातलं. ती वाटी धुवायला त्याच बेसिनचा नळ मात्र सोडू नका. प्रत्येक जण हे एकदा करतो आणि पाय भिजवून घेतो. पंप मारताना बेसिनचं वरचं ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने दाबून धरा, नाहीतर सगळा जोर तिथूनच निघून जातो. पण फ्लश केल्यावर मोरीच्या जाळीतून गुडगुड ऐकू आली, किंवा वॉशिंग मशीनचं पाणी बाथरूममध्ये वर आलं, तर दोष तुमच्या ट्रॅपचा नाही, पुढे लाइनमध्ये किंवा खाली जमिनीतल्या सांडपाण्याच्या चेंबरमध्ये आहे. अशा वेळी घरात पाणी सोडणं थांबवा आणि सोसायटीला कळवा. तळमजल्यावर राहत असाल तर आणखी जपा, कारण चेंबर भरला की वरच्या सगळ्यांचं पाणी आधी तुमच्या मोरीत उगवतं.

किचनच्या सिंकला तळणीचं तेल आणि चहाचा चोथा हे दोनच शत्रू. बाथरूममधून वास येत असेल तर बहुतेक वेळा मोरीच्या जाळीखालचा नहाणी ट्रॅप सुकलेला असतो. त्यात साठून राहणारं पाणीच वास आणि झुरळं अडवतं. गावाहून परतलात की दोन तांबे पाणी ओता.

बाटलीतलं ॲसिड मी घरात ठेवत नाही. ते टाइल्सच्या फटींतलं सिमेंट खातं, आणि ब्लीच असलेल्या क्लीनरशी मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

आणि ओल. खालच्या काकू छतावरचा डाग दाखवायला वर येतील, तेव्हा लगेच टाइल्स फोडायला निघू नका. रात्री मुख्य कॉक बंद करा. डाग बंद-चालूप्रमाणे कमी-जास्त होत असेल तर प्रेशरची, म्हणजे नळांना पाणी आणणारी पाइप गळते आहे. फक्त आंघोळीनंतर वाढत असेल तर ट्रॅपचा सांधा किंवा टाइल्सच्या फटी. मुख्य कॉक बंद करून तुम्ही चार दिवस घरात नसतानाही वाढत असेल तर वरच्यांकडे किंवा डक्टमधल्या लाइनकडे बघा. कमोडच्या टाकीचं गळणं शोधायला टाकीत खायचा रंग टाकून अर्धा तास फ्लश करू नका. कमोडच्या भांड्यात रंगीत पाणी उतरलं तर आतला रबरी वॉशर गेला.

खर्च कोणाचा, यावरून सोसायटीच्या सभेत आवाज चढतात. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमांनुसार, बाहेरच्या सामाईक पाइपांची आणि ड्रेनेज लाइनची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, आपल्या फ्लॅटच्या आतली आपण. घर बिल्डरकडून नवं घेतलं असेल तर रेरा कायदा, 2016 चं कलम 14 लक्षात ठेवा: ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामातला, कामाच्या दर्जातला किंवा सेवांमधला दोष कळवला तर त्याने तो 30 दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून द्यायचा असतो. फोनवर बोलून भागत नाही. फोटो आणि तारीख घालून लेखी कळवा.

आमच्याकडे आता किचनच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय: कुठला कॉक कशाचा, गच्चीवरचा व्हॉल्व्ह डावीकडून कितवा, प्लंबरचा नंबर. दर तीन महिन्यांनी माळ्यावर चढून सगळे कॉक एकदा बंद करतो, उघडतो. गेल्या खेपेला बाथरूमचा जरा जड लागला. तो बदलून घ्यायचाय.